विहार चालू आहे

सगळा घोळ फोनवरच्या एका वाक्यानं झाला. वाक्य साधं होतं, मराठीत होतं, आणि मी जन्मापासून मराठी बोलणारी बाई, तरी झाला. आता पुण्याला परत आल्यावर लोक विचारतात, जालना जिल्ह्यात आठवडाभर काय बघितलंस? मी सांगायला लागते आणि थोड्याच वेळात त्यांच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ दिसायला लागतो जो तिथे माझ्या चेहऱ्यावर होता. म्हणून म्हटलं, एकदा क्रमानं लिहूनच काढावं.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. मूळची साताऱ्याकडची. काही वर्षांपासून आमचं महाविद्यालय आणि पोलंडमधलं एक विद्यापीठ मिळून एक अभ्यासक्रम चालवत होतं. विषय असा की प्राचीन आणि मध्ययुगीन काळात विद्या फिरली कशी. ग्रहगणित, औषधं, व्याकरण, गोष्टी हे सगळं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कुणी नेलं, कुठल्या वाटेनं नेलं, मुक्काम कुठे केला. अर्धी मुलं तिकडे, अर्धी इकडे, आणि मध्ये स्क्रीन. नकाशावर ठिपके द्यायचे आणि रेघांनी जोडायचे, हा मुलांचा आवडता उद्योग.

तिकडून शिकवायची एवा. ती प्राकृत भाषेची प्राध्यापक, माझ्याच वयाची, ताडमाड उंच. बोलण्याआधी ती विचार करते, त्यामुळे माझ्यासमोर तिचं एकही वाक्य पुरं होत नाही. हिंदी तिला येतं, पण पुस्तकातलं.

या अभ्यासक्रमावर गदा आली होती. तिकडची मुलं घटली होती, आणि नव्या विभागप्रमुखांचं म्हणणं असं की मेलेल्या भाषेला जिवंत पगार कशाला. एवानं त्यांना शब्द दिला की या वर्षीचा शेवटचा तास आपण भारतातून घेऊ, एका चालू विहारातून, जिथे आजही प्राकृत ग्रंथ तोंडी शिकवले जातात. तुम्ही स्वतः बसा आणि मग ठरवा. साहेब कबूल झाले. तास पटला तर वर्ग राहणार, नाही तर बंद. एवाला दुसरा विषय नाही, दुसरा वर्ग नाही. तिची सगळी नोकरी नाही म्हटलं तरी त्या एका तासावर आली होती.

आणि तो 'चालू विहार' ही माझी देणगी होती. माझ्या एका विद्यार्थिनीचे मामा प्रकाशशेठ जालन्यात बियाण्यांचा व्यापार करतात. मारवाडी जैन कुटुंब. त्यांना मी फोनवर विचारलं होतं की प्राकृत अजून तोंडपाठ शिकवतात असं काही तुमच्याकडे आहे का. ते म्हणाले, "हाय ना. आमच्या महासतीजी हायेत. विहार चालू आहे, अंबडच्या बाजूला." महासतीजी म्हणजे जैन साध्वी, एवढं मला कळत होतं. विहार म्हणजे काय हे तर लेणी बघितलेल्या कुठल्याही पोराला कळतं. मी नकाशावर अंबडला लाल ठिपका दिला. एवानं विचारलं, चालू म्हणजे? मी म्हटलं, चालू म्हणजे चालू.

जालना

जानेवारीत आम्ही दोघी गेलो. प्रवासाचं सांगत नाही, पाठदुखी सगळ्यांना माहीत आहे. प्रकाशशेठचं घर बाजारात, दुकानाच्या वर. त्यांचं घराणं जालन्यात इतक्या पिढ्यांपासून आहे की मारवाड आता फक्त स्वयंपाकघरात उरलंय. बोलणं पक्कं मराठवाड्याचं.

पोचलो तर पाच वाजताच पाटावर बसवलं. आमच्याकडे पाच वाजता चहा घेत भाजी कुठली करायची यावर भांडण सुरू असतं. इथे बट्ट्या कुस्करून ताटात तयार, वर डाळ, आणि तुपाचं भांडं घेऊन विमलाभाभी, म्हणजे प्रकाशशेठच्या पत्नी, उभ्या. एवानं 'पुरे' म्हणायला ताटावर हात आडवा धरला. भाभींनी आग्रह हाताच्या वरूनच केला. मग एवाला हात धुवायला नेलं, आणि परत आल्यावर पुन्हा तूप.

एवानं विचारलं, इतक्या लवकर का जेवता? भाभी म्हणाल्या, आमच्याकडं सगळ्यांचा चौविहार असतो ना, म्हणून.

एवा ताठ झाली. तिच्या हिंदीला 'चौ' म्हणजे चार एवढं पक्कं येत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी शहाण्यासारखी मान हलवली. मग मी भाभींना विचारलं, चारही इथं जवळच आहेत का? त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, जवळ म्हणजे? चारही सोडायचे असतात. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, सूर्य मावळला की.

मी एवाला समजावून सांगितलं की इथे चार विहार आहेत आणि सूर्यास्ताला चारही रिकामे करायचा नियम आहे. तिला हे फारच आवडलं. असा नियम जुनाच असणार, असं तिचं मत पडलं. तिनं त्याच रात्री साहेबांना तसं कळवूनही टाकलं. मला कुठेतरी कुसळ टोचत होतं, पण पोटात इतकं तूप गेल्यावर शंका कुशंका कोण काढत बसतो.

प्रकाशशेठना दुसऱ्या दिवशी सहकुटुंब लग्नाला जायचं होतं. त्यांनी गाडी दिली, शकूरभाई नावाचे ड्रायव्हर दिले, आणि दारात उभं राहून सांगितलं, "म्याडम, बिलकुल काळजी करू नका. मी सगळ्यांना फोन करून राह्यलो. अंबडला जा, महासतीजी स्थानकात असतील. तिथं न्हाई भेटल्या तर समजा विहार झाला."

म्हणजे स्थानकात नसल्या तर विहारात असतील, असा मी अर्थ लावला. आपण अर्थ लावतो तो नेहमी आपल्याला बरा वाटेल असाच असतो.

अंबड

अंबडला पोचून मी पहिल्याच पानटपरीवर विचारलं, विहार कुठे आहे? त्यानं लगेच सांगितलं, तिसऱ्या गल्लीत, निळं गेट. मला हायसं वाटलं. बघा, किती सोपं.

निळ्या गेटाच्या आत बुद्धविहार होता. स्वच्छ, नवा, आणि एका बाजूच्या खोलीत मुलं स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करत बसलेली. एवा ग्रंथालय बघून हरखली. पण कपाटात सगळी चालू घडामोडींची आणि गणिताची पुस्तकं. तिथल्या ताईंनी चहा दिला. मी प्राकृतचं विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात पाली असते, तीही आम्हाला वंदनेपुरतीच येते. महासतीजी जैनांच्या, त्या स्थानकात असतील बघा.

झालं. दोघांनी स्थानकच सांगितलं. मी शकूरभाईंना म्हटलं, चला स्थानकावर. त्यांनी आम्हाला बरोब्बर बसस्थानकावर आणून सोडलं.

आम्ही बाकावर बसलो. एवानं विचारलं की साध्वी बसनं येणार का. मी म्हटलं, अगं आता काळ बदललाय, सगळेच बसनं येतात. पाहुण्यांकडे निघालेले लोक, बाजाराला आलेल्या बाया, पिशव्या, पोरं. कंट्रोलर भोंग्यातून गावांची नावं पुकारत होता आणि प्रत्येक गाडी लागली की आम्ही दारावर नजर लावायचो. पेरू खाल्ले, शेंगा खाल्ल्या. एका गाडीतून पांढरी साडी नेसलेल्या बाई उतरल्या तेव्हा आम्ही दोघी उठून हात जोडून पुढे गेलो. त्या आरोग्य केंद्रातल्या नर्स निघाल्या. त्यांना वाटलं आमच्यातलं कुणीतरी आजारी आहे. एवाची नाडी बघूनच त्या गेल्या.

शेवटी मी प्रकाशशेठना फोन लावला. मागे लग्नाचा बँड.

"बसलोय स्थानकात," मी म्हटलं.

"दर्शन झालं?"

"अजून नाही. एक गाडी आत्ताच लागली, तिच्यात नव्हत्या."

बँडचा आवाज लांब गेला. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, तुम्ही यष्टी स्टँडवर बसला काय?"

पुढचं सगळं त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. महासतीजी कुठल्याही वाहनात पाय ठेवत नाहीत, जन्मभर पायी. गावोगाव त्या जिथे उतरतात, जिथे लोक ऐकायला बसतात, ती जागा म्हणजे स्थानक. आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाणं, त्याला विहार म्हणायचं. "विहार म्हंजी चालणं, म्याडम. इमारत न्हाई."

मी बारीक आवाजात विचारलं, मग चौविहार? ते म्हणाले, सूर्य मावळल्यावर चारी प्रकारचं खाणंपिणं सोडणं; तुम्ही काल जेवल्या न्हाई का लवकर.

म्हणजे ज्याला मी इमारत समजत होते ते चालणं निघालं, आणि ज्याला एसटीचा स्टँड समजत होते ती इमारत निघाली. मी हे एवाला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. प्राकृतमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ फिरणं असाच आहे म्हणे, आणि ती तो दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवते. पण मी इथली, मला माहीत असणार, म्हणून ती गप्प राहिली. आणि ती प्राकृतची प्राध्यापक, काही चुकत असतं तर बोलली असती, म्हणून मी निर्धास्त राहिले. ती माझ्या मराठीवर विसंबली आणि मी तिच्या प्राकृतावर. बाकावर बसून आम्ही इतक्या हसलो की कंट्रोलर बघायला बाहेर आला.

हसू ओसरल्यावर एवाचा चेहरा उतरला. साहेबांना पाठवलेल्या माहितीत इमारत होती, ग्रंथालय होतं, आणि आता वर आणखी तीन विहारही होते. तास गुरुवारी. तिनं मला विचारलं, मग नकाशावर ठिपका कुठे द्यायचा? मी शकूरभाईंना हाक मारली.

खरं स्थानक कापड बाजाराच्या मागे होतं. साधा मोठा हॉल, लाकडी पाट, बाकी काही नाही. एक म्हाताऱ्या बाई केर काढत होत्या. त्यांनी सांगितलं की सकाळीच विहार झाला, घनसावंगीच्या रस्त्यानं. आणि आम्ही निघताना म्हणाल्या, भेटल्या तर माझं मत्थएण वंदामि सांगा.

एवा चालता चालता थांबली. मस्तक लववून वंदन करते, असं ते प्राकृत वाक्य. तिला ते पुस्तकातून माहीत होतंच. पण शेजारणीला रामराम सांगावा तसं कुणी ते केरसुणी हातात घेऊन दुसऱ्याबरोबर पाठवतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं बाईंना ते पुन्हा म्हणायला लावलं. बाईंना वाटलं हिला ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी ओरडून म्हटलं.

अंबडच्या पुढे

दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, सोंगायला आलेली तूर. आमच्या साताऱ्याकडे मान वर केली की डोंगर लागतो. इथे नजर जाते ती जातच राहते. त्या सपाटीवर तीन पांढरे ठिपके पुढे चाललेले आम्हाला लांबूनच दिसले असते, पण आम्ही पोचलो तेव्हा त्या एका गावच्या शाळेत उतरल्या होत्या. रविवार होता, शाळा रिकामी.

तिघी होत्या. मोठ्या महासतीजी सत्तरीच्या, तोंडावर पांढरी पट्टी, डोळे मात्र फार हसरे. दोघी तरुण शिष्या. घड्याळं, मोबाईल आधीच काढून शकूरभाईंकडे द्यायला प्रकाशशेठनी सांगितलं होतं, कारण विजेवर चालणारी वस्तू त्यांना स्पर्शाचीही चालत नाही. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "दया पाळो." मी म्हटलं, पाळते. धाकट्या शिष्या खाली बघून हसल्या. तो त्यांचा आशीर्वाद असतो, हे मला मागाहून कळलं.

खोलीत अंधार वाटला म्हणून मी आपली उठून दिवा लावला. तिघी शांतपणे उठल्या आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या. मला वाटलं रागावल्या. एक शिष्या म्हणाली, रागाचं न्हाई ताई, आमच्यासाठी लावलेल्या दिव्यात आम्ही बसत न्हाई. इतकं लाजल्यासारखं मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. आता ह्यांच्यापुढे लॅपटॉप उघडायचा म्हणजे सगळाच आनंद.

तरी एवानं विचारलं. तिनं काहीही लपवलं नाही. वर्ग बंद व्हायची वेळ आली आहे, तुम्ही गुरुवारी मुलांशी पाच मिनिटं बोललात तर कदाचित वाचेल, असं तिनं सांगितलं आणि मी मराठीत पोचवलं. मोठ्या महासतीजींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"यंत्रात आम्ही बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "मुलांना इथं आणा."

मी म्हटलं, ती फार लांब आहेत.

"आम्ही बी लांबूनच आलो."

मग थोड्या वेळानं त्यांनी एवाला विचारलं, तुम्हाला पाहिजे का? समोर बसंल त्याला देईन. क्षमेची एक गाथा आहे. लिहायची न्हाई, तोंडानं घ्यायची, आणि चालावं लागंल.

एवा लगेच हो म्हणाली. मला तिचा राग आला. गुरुवार तोंडावर, दाखवायला इमारत नाही, कॅमेरा चालत नाही, आणि ही बाई पाठांतराला बसते. ती गाथा तुझ्या कपाटातल्या पुस्तकात असेलच की, असं मी तिला फाडकन विचारलं. ती म्हणाली, आहे, दोन पुस्तकांत आहे. पण मला ती कुणी दिलेली नाही.

तर पुढचे दिवस आम्ही चाललो. ऊन वर यायच्या आत एक टप्पा, मग मुक्काम. शकूरभाई गाडी घेऊन पुढच्या गावी जाऊन झोपायचे. महासतीजींची चाल अशी की सावकाश वाटते, पण आपण मागे पडतो. एवाच्या टाचेला फोड आला. माझे गुडघे त्यांचं वेगळंच गाणं म्हणत होते.

प्रत्येक मुक्कामावर एवा गाथा म्हणून दाखवायची आणि मोठ्या महासतीजी म्हणायच्या, न्हाई. अर्थ तिला त्यांच्याइतकाच कळत होता, व्याकरण तर थेट हाडापर्यंत. अडत होता तो 'ण'. प्राकृतात जिकडेतिकडे ण, आणि एवाच्या जिभेवर सगळे न. तिला चूक ऐकूच यायची नाही. विद्यार्थ्यांना रडवणारी प्राध्यापक, तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर पोरीसारखी हिरमुसली. मग वाटेत मी तिची शिकवणी घ्यायला लागले. जीभ वर वळव आणि म्हण: पाणी, लोणी, आणि, कोण. ती रस्त्यानं मोठ्यानं घोकायची, पाणी, पाणी, पाणी. परिणाम असा झाला की शेतातून, घरातून लोक तांब्या घेऊन धावत यायला लागले. एवढी उंच गोरी बाई पाणी पाणी करत चाललीय म्हटल्यावर कोण थांबेल? एवाला नाही म्हणता यायचं नाही, ती प्रत्येक तांब्यातलं प्यायची, आणि मग पुढच्या गावापर्यंत आमची दुसरीच पंचाईत.

एका शेतावर हुरडा चालला होता. तिथल्या काकूंनी आम्हाला बांधावरच बसवलं. गरम हुरडा, शेंगदाण्याची लसणाची चटणी, वर दही. आमच्याकडेही हुरडा होतो, पण त्याच्याबरोबर भाषणं फार होतात. काकूंनी एवाच्या पायांकडे बघून विचारलं, एवढे लांब पाय असून मागं कशा राहता? आणि हे सगळं कशासाठी? मी सांगितलं की चार ओळी शिकायला परदेशातून आल्या आहेत. काकू म्हणाल्या, "मंग जल्दी उठा, बाया गेल्या पुढं." साध्वी खरंच नजरेआड होत होत्या. आम्ही मूठभर हुरडा तोंडात कोंबून पळालो.

या दिवसांत मला नेमकं काय चाललंय ते कळत नव्हतं. आम्ही विद्येच्या वाटा शिकवणाऱ्या बायका. मुलांना आम्ही सांगायचो की ठिपके महत्त्वाचे, मठ, बंदरं, राजधान्या. रेघ म्हणजे नुसता प्रवास. इथे ठिपका म्हणून जे होतं ते दुसऱ्या दिवशी रेघ होऊन निघून जायचं. मग आम्ही इतकी वर्षं शिकवलं ते चूक, का अर्धवट, का बरोबरच पण उलट धरलेलं? एवाला विचारलं तर ती विचार करायला लागायची, आणि तिचा विचार संपायच्या आत गाव यायचं.

बुधवारी संध्याकाळी, आष्टीच्या अलीकडे, मोठ्या महासतीजींनी डोळे मिटून पूर्ण गाथा ऐकली आणि न्हाई म्हणाल्या नाहीत. हूं, एवढंच म्हणाल्या. एवा उठून बाहेर गेली आणि शाळेच्या हापशाजवळ बराच वेळ उभी राहिली.

आष्टी

गुरुवारी आम्ही आष्टीत. मोठं गाव, आणि बाजारपेठेत दोन-चार मारवाडी घरं. त्यातल्या एका घराच्या मागच्या खोलीत महासतीजी उतरल्या. आम्हाला तासासाठी खताच्या दुकानावरची खोली मिळाली. दुपार आमची, सकाळ तिकडची. लॅपटॉपखाली युरियाची पोती, खिडकीबाहेर ट्रॅक्टर.

सगळी मुलं दिसली, आमची पुण्याची आणि तिकडची. एका चौकटीत साहेब, कोट घालून. त्यांनी नम्रपणे पहिलाच प्रश्न विचारला, विहार कुठे आहे?

एवा म्हणाली, इथेच आहे, पण दाखवता येत नाही; तो उद्या निघून जाईल. मग तिनं सगळा घोळ सांगितला, बसस्थानक, नर्स, चार विहार, सगळं. मुलं खिदळत होती. साहेब हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. एवा म्हणाली, माझ्याकडे फोटो नाही, ध्वनिफीत नाही, एक गाथा आहे, ती मला काल मिळाली, आज तुम्हाला देते. एकेकानं माझ्यामागून म्हणा. तिनं पहिला चरण म्हटला. खरं सांगते, त्या पोत्यांच्या खोलीत तो ण असा वाजला की मी ट्रॅक्टरचा आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली. तिकडची एक मुलगी म्हणायला लागली, अर्ध्यात आली, आणि वीज गेली.

वीज गेली, तिच्याबरोबर दुकानाचं इंटरनेट गेलं. मोबाईलवर प्रयत्न केला तर साहेबांचं तोंड उघडं राहून तसंच गोठलं. शकूरभाई मालकाच्या जनरेटरसाठी पळाले. सगळं परत सुरू होईपर्यंत स्क्रीनवर आमची पुण्याची दोन मुलं उरली होती, तीही डबा खात.

चारच्या सुमाराला साहेबांचा ईमेल आला. सभ्य होता. कार्यक्रम रंजक होता, परंतु पुढील वर्षी हा अभ्यासक्रम घेता येणार नाही. एवानं तो मला वाचायला दिला आणि लॅपटॉप बंद केला. मीच ठिपका दिला होता ना त्या नकाशावर. मी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसले. ती रडत होती, आवाज न करता.

सूर्य मावळायच्या आत महासतीजींचा निरोप घ्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा विहार परतूरकडे, आमची वाट पुण्याकडे. मोठ्या महासतीजींनी एवाला विचारलं, दिली का पुढं?

एवानं हिंदीत सांगितलं, नाही देता आली. आणि आता द्यायला कुणी नाही. वर्ग बंद झाला. मी भाषांतर करायला लागले, पण त्यांना कळलं होतं.

त्यांनी सांत्वन केलं नाही. तोंडावरच्या पट्टीमुळे चेहऱ्याचा काही अंदाजच येत नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही रोज सोबत होत्या ना?"

मी हो म्हटलं.

"मंग?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि मी घाबरले. मी म्हटलं, महासतीजी, मला प्राकृत येत नाही. मी इतिहास शिकवते, मी आपली भाषांतरापुरती आले होते, आणि माझं पाठांतर शाळेपासून कच्चं आहे.

"समोर तर बसल्या हायेत," त्या म्हणाल्या.

एवानं माझ्याकडे बघितलं. मग ती फरशीवर सरकून माझ्यासमोर आली, लांब पाय कसेबसे दुमडून मांडी घातली, आणि डोळे पुसून तिनं पहिला चरण म्हटला. मी तिच्यामागून म्हटला. माझा ण बरोबर पडला, पण पुढचा शब्द मी गिळला. तासाभरापूर्वी जिचा वर्ग गेला होता ती बाई कपाळाला आठ्या घालून मला म्हणाली, "नहीं. फिर से," आणि मी पाठ ताठ करून पहिल्यापासून म्हणायला लागले.